बुटाचा नंबर आणि मुलाचा पाय

शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात घोडनदीच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट अशी यादी उरकत घरातली माणसे शेवटी बुटांच्या दुकानात येतात. शाळेचे काळे बूट लगेच मिळतात. खरी पंचाईत होते ती खेळाच्या बुटांपाशी. मुलाला हवा असतो टीव्हीवर क्रिकेटपटूच्या पायात पाहिलेला बूट. वडिलांना हवा असतो दोन वर्षे टिकणारा. आई म्हणते, पावसात लवकर वाळेल असा बघा. दुकानदाराकडे मुलाच्या नंबरात एकच रंग शिल्लक असतो आणि नेमका तोच मुलाला आवडत नाही. अर्ध्या तासाने सगळेच कंटाळतात. एक-दोन नंबर मोठा बूट पिशवीत पडतो आणि 'घालता घालता बसेल पायाला' या वाक्यावर खरेदी संपते.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट बहुधा राहून जाते. मुलाचा पाय कोणी मोजत नाही.

त्याचे परिणाम पुढे चार-सहा महिन्यांनी दिसू लागतात. अंगठ्याचे नख काळे पडते, टाचेला फोड येतो, मूल लंगडत घरी येते. खेळाच्या तासाला ते झाडाखाली बसून राहू लागते. घरचे म्हणतात, 'आळशी झालाय, दिवसभर मोबाईल पाहिजे.' मुलालाही नेमके काय दुखते ते सांगता येत नाही. अशा रीतीने चांगले पळणारे, चांगले खेळणारे मूल मैदानापासून हळूहळू तुटते. दोष त्याच्या हौसेत नसतो, पायातल्या बुटात असतो. म्हणून या आठवड्यात खेळाच्या बुटांविषयी.

मुलाचा पाय वेगळा असतो

माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. जन्माच्या वेळी त्यांतील पुष्कळसा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो. त्याचे पक्के हाड होण्याचे काम वयाच्या सोळा-सतरा वर्षांपर्यंत चालू राहते. त्यामुळे लहान मुलाचा पाय फार लवचिक असतो. घट्ट बुटातही तो बोटे मुडपून बसतो आणि लगेच दुखतही नाही. 'बूट लागतो का रे?' असे विचारल्यावर मूल 'नाही' म्हणते, ते खोटे नसते. पण त्या उत्तरावर विसंबून राहता येत नाही.

दुसरी गोष्ट वाढीची. साधारण पाच ते बारा वर्षे या वयात पाऊल वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर वाढते. वयात येताना ही वाढ एकदम जोर धरते, आणि उंचीच्या आधी पाय वाढतो. हातापायांनी मोठा आणि अंगाने लहान असा सातवी-आठवीतला मुलगा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. मुलींच्या पावलाची वाढ मुलांच्या आधी संपते. ज्या वयात शाळेतले खेळ रंगात येतात, त्याच वयात बुटाचे माप सर्वांत लवकर बदलते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

नंबरांचा घोळ

'याला तीन नंबर लागतो' असे आपण सहज म्हणतो, पण हा तीन नंबर म्हणजे काय? आपल्याकडे जुन्या काळापासून इंग्लंडची पद्धत चालत आली. तिच्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. इंग्लंडात पूर्वी जवाच्या दाण्यांनी लांबी मोजत आणि तीन दाण्यांचा एक इंच धरत. त्यातून हे माप आले. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून मोठ्यांचे नंबर सुरू होतात. म्हणून गेल्या वर्षी तेरा नंबर घालणाऱ्या मुलाला यंदा एक नंबर लागतो आणि आजोबा विचारतात, 'पाय वाढला की आटला?'

युरोपचा हिशोब वेगळा. तिथे एका नंबराचा फरक दोन तृतीयांश सेंटिमीटर. त्यामुळे मुलांचा तेरा नंबर तिकडे साधारण बत्तीस होतो. अमेरिकेचे आकडे आणखी निराळे. आता एकाच दुकानात तिन्ही पद्धतींचे बूट शेजारी शेजारी मांडलेले असतात. शिवाय हे नंबर पायाचे नसून, बूट ज्या साच्यावर बांधतात त्या साच्याचे असतात. जुने कारागीर या साच्याला कलबूत म्हणत. प्रत्येक कारखान्याचे कलबूत वेगळे, कुणाचे निमुळते, कुणाचे पसरट. म्हणून एका कंपनीचा तीन नंबर सैल होतो आणि दुसरीचा तीन नंबर चढतही नाही. यात पालकांचे काही चुकत नाही आणि मुलाचेही नाही.

त्यातही इंग्रजांचे साचे इंग्रजांच्या पायांवरून केलेले. केंद्र सरकारच्या चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक माणसांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचा पाय परदेशी मापांच्या मानाने रुंद असल्याचे त्यात दिसले. पाऊल वाढण्याचा कळस मुलींमध्ये अकराव्या वर्षाच्या सुमारास, तर मुलांमध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी गाठला जातो, असेही आढळले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत २०२४ मध्ये सुचवण्यात आली. तिच्यात तान्ह्या बाळापासून मोठ्या माणसापर्यंत आठ गट आहेत. रुंद पायाला अरुंद बूट मिळाला की आपण काय करतो? रुंदी साधावी म्हणून लांबीने मोठा नंबर घेतो. मग बूट बाजूने बसतो आणि पुढून रिकामा राहतो.

वाढत्या अंगाचा हिशोब

कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत ही आपल्या घरांची जुनी रीत. सदरा मोठा झाला तर बाह्या दुमडता येतात, परकर मोठा झाला तर टीप घालता येते. बुटाला टीप घालता येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण बूट पाहून पाय वाढवता येत नाही.

थोडे गणित करू. खेळाच्या बुटात सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा हवी, म्हणजे साधारण मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या नखाएवढी. ही जागा पाच-सहा मिलिमीटरवर आली की बूट बदलायची वेळ झाली. वर्षाला नऊ मिलिमीटर वाढ धरली तर नीट मापाचा बूट आठ-नऊ महिने पुरतो. वाढीच्या भरात तोच सहा महिन्यांत संपतो. जूनमध्ये घेतलेला बूट डिसेंबर-जानेवारीत होणाऱ्या केंद्र आणि तालुका पातळीच्या स्पर्धांना कमी का पडतो, याचे उत्तर इथे आहे.

आता दोन वर्षांच्या हिशोबाने दोन नंबर मोठा बूट घेतला तर काय होते? पुढे जवळजवळ तीन सेंटिमीटर जागा रिकामी राहते. पळताना पाय बुटाच्या आत पुढे-मागे सरकतो. बूट निसटू नये म्हणून मूल बोटांनी तळ धरून पळते. टाच वरखाली घासून फोड येतो, वळताना घोटा मुरगळतो. बूट ज्या जागी वाकायला हवा ती जागा चवड्याच्या पुढे जाते, त्यामुळे पाऊल आणि बूट एका ठिकाणी वाकत नाहीत. वर्षभर तो बूट मोठा म्हणून त्रास देतो, आणि पायाला बसेपर्यंत त्याचा तळ झिजलेला असतो. दोन वर्षांचे पैसे वाचवायला जावे आणि एक वर्षही धड मिळू नये, अशी ही काटकसर आहे.

टाच दुखते म्हणणारी मुले

आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांमध्ये टाचेच्या मागच्या बाजूला दुखण्याची तक्रार फार आढळते. बोस्टनचे डॉक्टर जेम्स सीव्हर यांनी १९१२ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. हा काही रोग किंवा जंतूंचा प्रकार नव्हे. टाचेच्या हाडाला मागच्या बाजूस वाढीची एक मऊ चकती असते. पोटरीचे स्नायू मोठ्या शिरेने नेमके तिथेच जोडलेले असतात. हाड झपाट्याने वाढते, स्नायू त्या मानाने आखूड पडतात आणि प्रत्येक उडीला ती चकती ओढली जाते. त्यात जमीन टणक आणि बूट पातळ तळाचा असला की दुखणे वाढते. आपल्याकडची मैदाने बहुतेक मुरमाची. पावसाळा सरला की ती दगडासारखी कडक होतात.

ओळखायची खूण सोपी. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की मूल पाय मागे घेते. खेळल्यावर दुखणे वाढते, विश्रांतीने कमी होते. उपायही साधे आहेत. काही आठवडे पळणे आणि उड्या कमी कराव्यात. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून पोटरीचा ताण रोज द्यावा. खेळानंतर फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने दहा मिनिटे शेकावे. बूट टाचेखाली जाड, मऊ आणि मापाचा असावा. वाढ पुरी झाली की हे दुखणे आपोआप जाते आणि मागे व्यंग राहत नाही. मात्र 'पळ, पळ, पळून मोकळे होईल' असे म्हणून मुलाला दामटू नये.

घट्ट बुटाची दुखणी वेगळी. अंगठ्याचे नख कातड्यात शिरून नखुरडे होते. बोटांवर कुरूप धरते. नख काळे पडते. सतत ओल्या बुटामुळे बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. यांतील प्रत्येक दुखणे सुरुवातीला किरकोळ असते आणि दुर्लक्ष केले की महिनाभर खेळ बंद पाडते.

मग अनवाणीच खेळू द्यावे का?

हा प्रश्न वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. 'आम्ही काय बूट घालून हुतूतू खेळलो का?' त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मंगळूरच्या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पायांची पाहणी करून १९९२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के निघाले, तर अनवाणी वाढलेल्यांमध्ये २.८ टक्के. पुढून बंद असलेले बूट वापरणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. पायाच्या लहान स्नायूंना मोकळे काम मिळाले की कमान चांगली धरते, असा त्याचा अर्थ. म्हणून लहान मुलांना घरात, अंगणात, स्वच्छ मातीत अनवाणी खेळू द्यावे. त्यांना दिवसभर बुटात कोंडून ठेवू नये.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच पळाल्या आणि २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने तर १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. त्याला मिळालेले नवे बूट पायाला नीट बसेनात, म्हणून त्याने ते घातलेच नाहीत. चार वर्षांनी टोकियोत मात्र तो बूट घालून धावला आणि तिथेही जिंकला. न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी पाय बरा आणि बसणारा बूट मिळाला तर तोही चांगला, एवढा बोध आपण घ्यावा.

मात्र आपल्या भागातल्या अनवाणी पायाला बाभळीचा काटा आहे, सराटे आहेत, रस्त्याकडेला फुटक्या बाटल्या आणि खिळे आहेत. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेच्या ओल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि मुलाचे रक्त कमी करतात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर तळवे भाजतात. अनवाणी खेळणाऱ्या मुलाला दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची धनुर्वात-घटसर्पाची लस दिली आहे ना, आणि शाळेत जंताची गोळी दिली जाते ती त्याने खाल्ली ना, एवढे पाहावे. कबड्डी आणि खो-खो मातीवर अनवाणी चालतात, पण हे खेळही आता मॅटवर गेले आहेत आणि तिथे बूट लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीही मॅटवर. आज मातीवर खेळणाऱ्या मुलाला उद्या जिल्ह्याच्या संघात मॅटवर उतरायचे झाले, तर बुटाची सवय महिनाभर आधी करावी. सामन्याच्या दिवशी नवा बूट पायात घालू नये.

माप घरीच घ्या

एके काळी अमेरिकेत आणि इंग्लंडात बुटांच्या दुकानांत चक्क क्ष-किरणांची यंत्रे असत. बूट घातलेला पाय यंत्रात घालायचा आणि आतली हाडे कुठवर येतात ते डोळ्यांनी बघायचे. १९२० नंतर काही दशके हा प्रकार चालला. किरणांचा धोका ध्यानात आल्यावर तो बंद झाला. आपल्याला इतके करायला नको. एक कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी पुरे.

मापे संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळताना जे पायमोजे घालणार तेच घालून मुलाला भिंतीला टाच टेकवून कागदावर सरळ उभे करावे. बसवून माप घेऊ नये, वजन पडले की पाऊल लांबते. सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलने खूण करावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही, कित्येकांचे दुसरे बोट लांब असते. भिंतीपासून खुणेपर्यंत सेंटिमीटरमध्ये लांबी मोजावी. दोन्ही पाय मोजावेत, आणि जो मोठा निघेल तो धरावा.

आता जाड पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी कापावी. तिची लांबी पायाच्या लांबीपेक्षा सव्वा सेंटिमीटर जास्त ठेवावी. पाय वीस सेंटिमीटर असेल तर पट्टी सव्वाएकवीस सेंटिमीटरची. ही पट्टी खिशात घालून दुकानात जावे आणि बुटात टाचेपासून पुढपर्यंत सरकवावी. पट्टी वाकली तर बूट आखूड. पुढे-मागे बरीच हलली तर मोठा. अलगद बसली तर तो बूट मुलाच्या पायात घालून पाहण्यालायक. मग त्यावर नंबर कोणता लिहिला आहे याची फिकीर करू नये. पुण्याला कामाला जाणाऱ्या माणसाला मूल बरोबर नसतानाही या पट्टीने बरीच चूक टाळता येते. घरबसल्या मोबाईलवरून बूट मागवायचे असतील, तर सेंटिमीटरच्या मापाचा तक्ता पाहावा आणि परत घेण्याची अट आधी वाचावी.

दुकानात काय पाहावे

मुलाला दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून उभे करावे. टाच मागे टेकलेली असताना पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. आतला तळ निघत असेल तर तो बाहेर काढून मुलाला त्यावर उभे करावे. पाय बाजूने त्याच्या बाहेर जात असेल तर बूट अरुंद. मग मुलाला दुकानाबाहेर थोडे पळवावे, दोन उड्या मारायला लावाव्यात. टाच निसटता कामा नये. 'घालता घालता सैल होईल' हे चामड्याच्या चपलेला लागू पडते. खेळाच्या बुटाची लांबी घालून वाढत नाही.

बूट हातात घेऊन चवड्यापाशी वाकवून बघावा. तो तिथेच वाकावा, मधोमध दुमडू नये. दोन्ही टोके धरून ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर तो नको. टाचेमागची भिंत दाबून पाहावी, ती घट्ट असावी. लहान मुलाला नाडी बांधता येत नसेल तर चिकटपट्टीचा बूट घ्यावा, पण पावलाला आवळून धरणारे काहीतरी हवेच. नुसता पाय सरकवायचा बूट खेळायला कामाचा नाही.

शाळेत रोज वेगवेगळे खेळ खेळणाऱ्या मुलाला साधा, सपाट तळाचा, धावण्याचा एक बूट पुरतो. खिळ्यांचे किंवा उंच गुट्ट्यांचे बूट मुरमाच्या मैदानावर टाचेला आणि चवड्याला उलट त्रास देतात. ते मऊ, हिरवळीच्या मैदानासाठी असतात. बॅडमिंटनला डाग न पाडणाऱ्या रबरी तळाचा बूट लागतो, आणि तो बाहेर मातीत वापरू नये.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*मुलाचे पाय सपाट आहेत. पुढे भरतीला अडचण येईल म्हणून आतापासून खास बूट घ्यावा का?* आपल्या तालुक्यात आणि दौंड भागात सैन्य-पोलीस भरतीची तयारी करणारी मुले घरोघरी आहेत, म्हणून ही काळजी स्वाभाविक आहे. लहान मुलांचा पाय सपाट दिसणे नैसर्गिक आहे. कमान आठ-दहा वर्षांपर्यंत हळूहळू धरते. मुलाला चवड्यांवर उभे करावे. तेव्हा कमान उमटत असेल आणि पाय दुखत नसेल तर महागड्या बुटाची किंवा आतल्या गादीची गरज नसते. चवड्यावर उभे राहूनही पाय सपाटच राहिला, ताठ वाटला, दुखला किंवा एकच पाय तसा असला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

*मोठ्या भावाचे बूट धाकट्याला चालतील का?* भावाने ते वर्षभर घातले असतील तर नकोत. बूट त्याच्या चालण्याप्रमाणे झिजलेला, एका बाजूला बसलेला असतो. पण पाय वाढल्यामुळे दोन-तीन महिन्यांतच बाजूला पडलेला बूट असेल, तळ सपाट असेल आणि पट्टी नीट बसत असेल, तर आतला तळ बदलून तो खुशाल वापरावा.

*महाग बूट चांगलाच असतो का?* ठरावीक किमतीपर्यंत पैशाने टिकाऊपणा आणि मऊ तळ मिळतो. त्यापुढचे पैसे बहुतेक नावाचे आणि जाहिरातीचे असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर पाच टक्के आणि त्यापुढे अठरा टक्के जीएसटी झाला आहे. वाढत्या मुलाला वर्षात दीड जोडी लागणार हे गृहीत धरून मध्यम किमतीचा, मापाचा बूट घ्यावा आणि उरलेले पैसे पुढच्या जोडीसाठी बाजूला ठेवावेत.

*मूल नावाच्या बुटासाठी हट्ट धरते, काय करावे?* आधी माप, मग किंमत, आणि या दोन्हींत बसणाऱ्या दोन-तीन जोड्यांतून रंग मुलाला निवडू द्यावा. स्वतः निवडलेला बूट मूल आवडीने घालते. हट्ट पुरवण्यापेक्षा निवडीचा मान देणे स्वस्त पडते.

पावसाळ्यातली निगा

भिजलेला बूट दुसऱ्या दिवशी तसाच घालू नये. आतला तळ बाहेर काढावा, नाड्या सैल कराव्यात आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत. हे पान वाचून झाल्यावर त्या कामी येऊ शकते. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले की चिकटवलेला तळ सुटतो. पायमोजे रोज धुतलेले हवेत. मैदानावरून आल्यावर बोटांची बेचकी कोरडी पुसावीत. नखे सरळ कापावीत, कडेने खोल कोरू नयेत.

दर तीन महिन्यांनी पट्टी पुन्हा बुटात घालून पाहावी. लक्षात राहत नसेल तर तिमाहीच्या पहिल्या रविवारी ते काम करावे. आणि मूल रात्री झोपेतून दुखण्याने उठत असेल, पाय सुजला असेल, ताप असेल, किंवा दोन आठवडे लंगडत असेल, तर बूट बदलत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

शाळांनी एवढे करावे

जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी प्रतिविद्यार्थी १७० रुपये धरले होते. अनेक घरांत मुलाच्या पायातला तो एकच बूट असतो आणि त्यानेच कवायत, लंगडी, धावणे सगळे होते. अशी खरेदी करताना इयत्तेवरून अंदाजे नंबर न मागवता प्रत्येक मुलाचा पाय मोजून यादी केली, तर त्याच पैशांत मुलांना खरोखर घालता येतील असे बूट मिळतील. भिंतीला टाच लावून माप घेण्याचे काम सातवी-आठवीची मुले गुरुजींच्या देखरेखीखाली एका तासात करू शकतात. गणिताचा तासही होईल.

दुसरी सूचना पुस्तकपेढीसारखी. बहुतेक घरांच्या माळ्यावर दोन-तीन महिने वापरून लहान झालेले चांगले बूट पडून असतात. शाळेने एक कपाट ठेवावे, बुटावर आतली लांबी सेंटिमीटरमध्ये लिहावी. ज्याला लहान झाला त्याने तो धुऊन, वाळवून तिथे ठेवावा. ज्याला बसेल त्याने न्यावा, आणि कोण कोणाचा बूट घेतो याची वर्गात चर्चा होऊ नये एवढे शिक्षकांनी पाहावे. तालुका स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवीन बूट घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्या मुलाला अशा कपाटात आपल्या मापाचा बूट सापडला तर त्याची शर्यत हुकणार नाही.